ताटातला घास कुत्र्याला नकोच
कुत्र्याला कॅफेत नेण्याबद्दलच्या तुमच्या लेखात पट्टा बांधा, पाण्याची वाटी सोबत ठेवा असं लिहिलंय ते बरोबरच आहे, पण टेबलावरून घास देऊ नका हे सगळ्यात आधी यायला हवं होतं. आमच्याकडे नऊ वर्षांचा लॅब्रॅडॉर आहे आणि पाहुणे आले की कोणीतरी प्रेमाने कांदाभजी नाहीतर शिरा त्याच्यापुढे धरतंच, आता कांदा-लसणाने कुत्र्याच्या रक्तातल्या लाल पेशी फुटतात, कच्चा काय नि तळलेला काय, आणि शिऱ्यातल्या बेदाण्यांनी किडनी निकामी होऊ शकते हे किती जणांना माहितीये? चॉकलेट कुत्र्याला घातक असतं हे लोक निदान ऐकून तरी असतात. मागच्या दिवाळीला आम्हाला रात्री साडेअकराला डॉक्टरांकडे पळावं लागलं, वाचला बिचारा, पण ती रात्र मी विसरणार नाही.

आणि प्लीज, हॉटेलच्या प्लेटमध्ये त्याला खायला घालू नका, तीच प्लेट उद्या दुसऱ्यासमोर येते. शेजारच्या टेबलवरचं कोणी अंग चोरून बसलं असेल तर "काही करत नाही हो तो" म्हणण्यापेक्षा पट्टा आखूड धरा आणि कोपऱ्यातलं टेबल मागून घ्या, आम्ही तेच करतो.