एक गोल झाला, घाला कडी

कोल्हापुरात पेठेतल्या तालमींचे फुटबॉलचे संघ असतात. आमच्या तालमीनं गोल मारला की मला घाम फुटतो.

बाकीच्या तालमींचे लोक गोल झाल्यावर हलगी बडवतात, शर्ट काढून गरगरा फिरवतात. आम्हीही नाचतो, नाही असं नाही. दोन मिनिटं, रीतसर. मग एकेक जण खाली बसतो आणि घड्याळ बघतो. कारण इथून पुढं काय होणार हे आम्हाला माहीत असतं, समोरच्या तालमीला माहीत असतं, रेफ्रीला माहीत असतं, आणि शेंगदाणेवाल्याला तर सगळ्यांच्या आधी माहीत असतं. तो आमच्या गोलची वाटच बघत असतो. तोवर लोकांचे डोळे मैदानावर असतात, त्याच्याकडं कोण बघणार? आमचा गोल झाला की मैदानावर बघण्यासारखं काही उरत नाही आणि त्याचा धंदा सुरू होतो.

तालमीचं नाव सांगत नाही. मला कोल्हापुरातच राहायचं आहे आणि माझं हार्डवेअरचं दुकान पेठेतच आहे. एवढंच सांगतो, की शाहू स्टेडियमवर चारची मॅच असली की मी साडेतीनला शटर ओढतो आणि गेली कित्येक वर्षं तीच मॅच बघून घरी येतो. संघ वेगळे, तारखा वेगळ्या, मॅच तीच.

गोल झाला की आमचा कोच लाइनीवर येऊन उभा राहतो आणि दोन्ही हात असे हलवतो, जशा संध्याकाळी अंगणातल्या कोंबड्या खुराड्यात घालतात. झालं. दहाच्या दहा जण मागं. आमच्या डीमध्ये, म्हणजे गोलसमोरच्या चौकोनात, तेव्हा जोतिबाच्या यात्रेला नसेल एवढी दाटी असते. एकमेकांच्या पायात पाय. बॉल आला की ज्याच्या पायाला लागेल त्यानं तो डोळे मिटून लांब हाणायचा. तो थेट समोरच्यांच्या पायात जातो आणि ते तो पुन्हा घेऊन येतात. हापूस सोडला तर एवढ्या नेमानं परत येणारी दुसरी वस्तू मला माहीत नाही, आणि हापूसही वर्षातून एकदाच येतो.

आमचा गोलकीपर या काळात बूट बांधतो. एकदा मी मोजलं. एका हाफात सात वेळा बांधले. बूट दोनच.

सगळ्यात जास्त कीव येते ती आमच्या नायजेरियन फॉरवर्डची. पोरगा धिप्पाड, पळाला तर घोडा. त्याला इतक्या लांबून आणला तो गोल मारायला. पण कोल्हापुरात येऊन माणूस पहिल्यांदा 'तांबडा' शिकतो, 'पांढरा' शिकतो. हा बिचारा 'मागं' शिकला. कोच 'मागं!' म्हणतो, बॅक 'मागं!' म्हणतो, गोलकीपर बूट बांधता बांधता 'मागं!' म्हणतो. परवा मिसळीच्या गाड्यावर त्याच्या मागच्या माणसानं नुसतं 'मागं सरका जरा' म्हटलं, तर हा रांग सोडून पार रस्त्याच्या पलीकडं जाऊन उभा राहिला.

बरोबरीचा गोल कधी होणार हेही ठरलेलं. दुसऱ्या हाफात गॅलरीची सावली सरकत सरकत पेनल्टी स्पॉटवर आली की बसतोच. शेंगदाणेवाला त्या सुमाराला टोपलीवर फडकं टाकतो. नंतर लोक चिडलेले असतात, उधारी मागतात.

माझा भाचा इंजिनिअरिंगला आहे आणि रात्री जागून युरोपातलं फुटबॉल बघतो. तो मला म्हणाला, "मामा, ह्याला लो ब्लॉक म्हणतात. जगात लई मोठी माणसं असं खेळून कप घेऊन गेल्यात." मग त्यानं मला इटलीची गोष्ट सांगितली. तिथं या खेळाला 'कातेनाच्चो' म्हणतात, म्हणजे दाराची कडी. हेलेनियो हेरेरा नावाच्या कोचनं इंटर मिलानला कडी घालायला शिकवलं आणि १९६४, १९६५ असे लागोपाठ दोन युरोपियन कप जिंकले.

आता कडी हा माझा विषय. पंचवीस वर्षं मी कड्या, कोयंडे, बिजागऱ्या विकतोय. मी त्याला म्हटलं, कडी लाख मजबूत असंल रे, पण ती ठोकायला चौकट धड लागते. आमच्या डाव्या बॅकला वाळवी लागलीय, उजव्याची बिजागरी सुटलीय आणि मधले दोघं म्हणजे पावसाळ्यात फुगलेल्या फळ्या, वेळेवर मिटत नाहीत आणि वेळेवर उघडत नाहीत. असल्या दाराला इटलीची कडी घालून काय करायचं? चोर कडीला हात न लावता अख्खं दारच उचलून नेतो. आणि इंटरचं तरी पुढं काय झालं? १९६७ ला लिस्बनला फायनल, समोर स्कॉटलंडचा सेल्टिक. सातव्या मिनिटाला माझोलानं पेनल्टी मारली, इंटरनं कडी घातली. ६३व्या मिनिटाला बरोबरी, ८४व्या मिनिटाला दुसरा गोल, आणि कप गेला स्कॉटलंडला. हे भाच्यानंच मागाहून सांगितलं, जरा आवाज उतरवून.

मोरिन्यो म्हणून एक कोच आहे, त्यानं २००४ मध्ये टॉटनहॅमनं गोलसमोर बस आणून उभी केली अशी तक्रार केली, तेव्हापासून या खेळाला बस लावणं म्हणतात. बस फार झाली. आमची वडापची जीप असते. माणसं दाटून भरलेली, पण मागची बाजू सताड उघडी.

तरी या सगळ्याचा एक फायदा झाला, तो सांगायला हवा. २०२१ च्या जुलैमध्ये युरोची फायनल होती, इंग्लंड आणि इटली, आपल्याकडं रात्री साडेबाराला. भाचा इंग्लंडवाला. मी पाणी प्यायला उठलो होतो. दुसऱ्याच मिनिटाला इंग्लंडच्या ल्यूक शॉनं गोल मारला आणि भाच्यानं अशी आरोळी ठोकली की आमच्या वरच्या मजल्यावरचे लोक चोर आला म्हणून खाली आले. मी तांब्या हातात घेऊन उभाच राहिलो. थोड्या वेळानं इंग्लंडचे एकेक जण मागं सरकायला लागले. ते सरकणं मला ओळखीचं वाटलं. मी म्हटलं, "साठ ते सत्तरच्या मधी बसतोय बघ. झोप जा."

६७व्या मिनिटाला बोनुचीनं बरोबरी केली. भाचा माझ्याकडं असं बघायला लागला, जसं लोक पंचांग बघून पाऊस सांगणाऱ्याकडं बघतात. पुढं इंग्लंड पेनल्टीत हरलं. मग त्याला आठवलं, की २०१८ च्या वर्ल्ड कप सेमीफायनललाही हेच झालं होतं. पाचव्या मिनिटाला ट्रिपियरची फ्री किक आत, ६८व्याला क्रोएशियाची बरोबरी, जादा वेळेत खेळ खलास. "तुम्हाला कसं कळलं मामा?" मी म्हटलं, "लेका, पेठेत जन्म काढलाय."

या हंगामात सलग चौथी मॅच एक-एक झाल्यावर आम्ही शिष्टमंडळ घेऊन तालमीत गेलो. आमच्यासोबत आबा होते. आबा जुने पैलवान, कान मोडलेले, वय ऐंशीच्या पुढं. कोच कॅरम बोर्डावर सोंगट्या मांडून बसला होता. नऊ काळ्या सोंगट्या एका कोपऱ्यात दाटीनं लावलेल्या, आणि त्यांच्याही मागं, पार भोकाच्या काठावर, लाल राणी.

"ही राणी कोण?" मी विचारलं.

"फॉरवर्ड."

"तो पण मागं?"

"आधी घर सांभाळायचं असतंय अण्णा."

"मग गोल कोण मारणार?"

"एक मारलाय की!"

या उत्तरावर काय बोलायचं? आबा बराच वेळ बोर्डाकडं बघत होते. मग म्हणाले, "खासबागेच्या कुस्ती मैदानात एखादा गडी एक डाव टाकून उरलेला वेळ पोटावर पडून राहिला असता, तर लोकांनी चपला हाणल्या असत्या." आणि उठून निघाले. वाटेत मला म्हणाले, "१९०२ ला शाहू महाराज विलायतेला निघाले ते इटलीतनं गेले. रोमचं ते जुनं गोल मैदान बघितलं आणि इथं येऊन खासबाग बांधलं. आणि त्याच इटलीतनं ह्या गड्यानं काय आणलं, तर कडी!"

आता गेल्या आठवड्यातली मॅच. जिंकलो तर वरची जागा, बरोबरी झाली तर काही नाही. आम्ही पहिल्या हाफात गोल मारला. कोंबड्या खुराड्यात गेल्या. शेंगदाणेवाल्यानं चार फेऱ्या मारल्या. दुसऱ्या हाफात सावली पेनल्टी स्पॉटला टेकली तेव्हा मी उठलो. डॉक्टरांनी बीपी सांगितलंय, आणि मॅच सुटल्यावर गर्दीतनं स्कूटर काढायची म्हणजे अर्धा तास जातो. होणार ते होणार, ते बघायलाच पाहिजे असं थोडंच आहे?

स्कूटरची किक मारतोय तोवर आतनं आरोळी आली. पार्किंगवाला पोरगा सुट्टे मोजत होता. मान वर न करता म्हणाला, "बसला काका." मी म्हटलं, "माहीत आहे," आणि घरी आलो. चहा टाकायला सांगितला. तोवर भाचा धापा टाकत दारात.

"मामा! दोन-शून्य!"

त्याला मी दोनदा विचारलं, कुणाचे दोन? आमचे. आमच्या बॅकनं नेहमीप्रमाणं डोळे मिटून बॉल हाणला होता. आमच्या फॉरवर्डच्या बुटाची नाडी सुटली होती म्हणे, ती बांधायला तो वाकला, म्हणून मागं यायचा राहून गेला. आणि पुढं तो एकटाच. या हंगामातला आमचा पहिला दुसरा गोल, आणि मी पार्किंगमध्ये.

"मोबाइलवर काढलायस न्हवं?" मी विचारलं. काढला होता. दाखवला. सवयीनं त्यानं कॅमेरा आमच्याच गोलवर धरला होता. आमचे नऊ जण डीमध्ये उभे. गोलकीपर वाकून बूट बांधतोय. अचानक प्रचंड आवाज. गोलकीपर मान वर करतो आणि शेजारच्या बॅकला विचारतो, "काय झालं?" बॅकही वळून बघतो. व्हिडिओ संपला.

गॅलरीत चौकशी केली. जो तो आमच्याच डीकडं डोळे लावून बसलेला, बरोबरी कशी होते ते बघायला. खुद्द कोचची पाठ होती. त्या वेळेला दुसरीकडं तोंड करून उभा होता तो एकच माणूस, शेंगदाणेवाला. पाटी उचलून निघाला होता. आता तो रोज संध्याकाळी माझ्या दुकानासमोर गाडा लावतो. दहाचे घेतले की गोल सांगतो. सोमवारी गोल डीच्या आतनं झाला होता. बुधवारी बाहेरून. काल मी वीसचे घेतले, तर तो अर्ध्या मैदानावरून झाला आणि मधे दोन जणांना चकवलंही होतं.