रेटीचं कोडं अन् १५० आयक्यूवाला फॉरवर्ड

दोन दिवस झाले परभणीतल्या आमच्या सगळ्या ग्रुपवर एकच फॉरवर्ड फिरायलाय. "बुद्धिबळाचं पाचशे वर्षं जुनं कोडं, पांढऱ्यानं बरोबरी करून दाखवा, जर्मनीच्या सुपर कॉम्प्युटरनं हात टेकले, आयक्यू १५० असेल तरच नादी लागा." आता जगात जर्मनी अन् भारतात परभणी म्हणतो ना आपण, मग उत्तर इथूनच जाऊ द्या.

पाचशे वर्षं? उगं काहीबी. हे रिचर्ड रेटी ह्या बुद्धिबळपटूचं कोडं आहे, १९२१ चं. ह्याच रेटीनं १९२४ ला न्यूयॉर्कमधी तवाच्या जगज्जेत्या कापाब्लांकाला हरवलं, जो आठ वर्षं कुणालाच हरला नव्हता.

कॉम्प्युटरचं तर बोलूच नका. पटावर सोंगट्या किती, तर चार. सात सोंगट्यांपर्यंतचे शेवट कॉम्प्युटरनं कधीच सोडवून ठेवलेत.

खरी गंमत पुढं. काही जाणकार म्हणायलेत की कोडंच चुकलंय, पांढरा राजा काळ्या प्याद्याला गाठूच शकत नाही, ते शेवटच्या घरात जाऊन वजीर होणारच. बघा बरं (अक्षर म्हंजे उभी ओळ, आकडा म्हंजे आडवी): पांढरा राजा एच८, प्यादं सी६, काळा राजा ए६, प्यादं एच५, चाल पांढऱ्याची, म्हंजे आपली. सरळ खाली पळालात तर खरंच दोन चाली कमी पडतात (मी बी आधी तेच केलं, अख्खी संध्याकाळ गेली). पण राजा तिरका आणा, जी७, मग एफ६. बुद्धिबळात तिरकं चालणं लांबचं नसतं, एच८ वरून एच२ ला सरळ सहा चाली अन् ई५ वरून वळसा घालून गेलं तरी सहाच! दरम्यान काळ्याचं प्यादं एच४ ला आलंय अन् त्यानं राजा बी६ ला आणला, आपलं प्यादं खायला. आता राजा ई५. त्यानं सी६ खाल्लं की आपण एफ४, अन् त्याचं प्यादं हातात. नाही खाल्लं, एच३ केलं, तर आपला राजा डी६, मग प्यादं सी७, दोघांचे बी वजीर होतात अन् डाव बरोबरीत. बी६ ऐवजी आधीच एच३ पळवलं तर आपला राजा ई७, तिथं बी तेच.

आयक्यूचं म्हणाल तर आमच्या आठवीतल्या भाच्यानं ई५ माझ्याआधी पाहिलं, अन् गणितात त्याला काठावर मार्क आहेत.

अन् फॉरवर्डमधल्या चित्रात खाली उजव्या हाताच्या कोपऱ्यात काळं घर आहे, तिथं पांढरं पाहिजे. म्हंजे पटच आडवा ठेवलाय राव.