किती पक्षी?

महाराष्ट्रात जावई आणि कोंबडी यांचे संबंध पूर्वापार ठरलेले आहेत. जावई येतो, कोंबडी जाते. ज्या घरांत सामिष चालतं तिथे तरी याबद्दल कोणाच्या मनात शंका नसते. आमच्याकडे मात्र सासूबाई मुलाकडे कॅनडाला निघाल्या आणि जाताना चार कोंबड्या जावयाच्या ताब्यात देऊन गेल्या. टॅक्सीत बसताना त्यांनी लेकीला सांगितलं, "तब्येतीला जप." मला सांगितलं, "गिरिजेला जपा."

आम्ही सहकारनगरमधल्या त्यांच्या जुन्या बंगल्यात वरच्या मजल्यावर राहतो. याला घरजावई म्हणत नाहीत, कारण विजेचं मीटर वेगळं आहे. खाली मागच्या अंगणात आंब्याखाली खुराडं. सासूबाईंचं माहेर राजापूरकडचं. पुण्यात सगळा संसार झाला तरी दुकानातलं अंडं त्यांनी कधी अंडं मानलं नाही. गिरिजा ही त्यांची लाडकी. जात गिरिराज. बंगळूरच्या कृषी विद्यापीठात परसातल्या पालनासाठी तयार केलेली, रंगीत पिसांची, गावठी कोंबडीपेक्षा जास्त अंडी देणारी आणि अंगानं काटक. काटक हा शब्द विकणाऱ्याचा.

डिसेंबरात थंडी पडली आणि ही काटक बाई शिंकायला लागली. कोंबडीलाही शिंक येते ही बातमी मला या वयात मिळाली. मान झटकून बारीकसं 'च्छिक' करायची आणि कोणी पाहिलं नाही ना, अशा बेतानं इकडेतिकडे बघायची. मग छातीत घुरघुर सुरू झाली. डाव्या डोळ्याखाली फुगलं, नाकपुडीतून पाण्याचे बुडबुडे यायला लागले, लालभडक तुरा काळपट दिसायला लागला. चोच उघडी टाकून ती श्वास घेई आणि दर श्वासाला शेपूट वरखाली होई.

तळजाईच्या टेकडीवर सकाळी चालायला येणाऱ्या आमच्या मंडळात निवृत्त लोकांचा भरणा आहे. त्यांच्यापुढे विषय काढला. एरवी ही मंडळी मेट्रोपासून मूत्रपिंडापर्यंत कशावरही तज्ज्ञ असतात. कोंबडीच्या दम्यावर मात्र एकमुखानं एकच उपचार निघाला, "आजच उरका, नंतर उपयोगाची नाही राहायची." एकानं मसाला कोणता वापरायचा तेही सांगितलं. दुसऱ्यानं २००६ साली नवापूरला आलेल्या बर्ड फ्लूची आठवण काढली. भारतातली ती पहिलीच साथ, लाखो कोंबड्या मारून पुराव्या लागल्या होत्या. दुसऱ्या दिवसापासून मंडळ माझ्यापासून चार हात लांबून चालू लागलं.

कोणालाही कोंबडी दाखवा, त्याला आधी रस्साच दिसतो. तिला दवाखान्यात नेताना हे फारच जाणवलं. गिरिजेला पुठ्ठ्याच्या खोक्यात घालून मी रिक्षा थांबवली. रिक्षावाल्यानं भोकातून आत डोकावलं आणि तोंडभर हसला.

"कापून घ्यायचीय? आपल्या ओळखीचा आहे, पिसंबिसं काढून साफ करून देतो."

"दवाखान्यात न्यायचीय."

त्यानं मीटर टाकलं आणि बराच वेळ आरशातून माझ्याकडे बघत राहिला. सिग्नलला म्हणाला, "कोणाची आहे?"

"सासूबाईंची."

"मग बरोबर आहे," असं म्हणून त्यानं रिक्षा जरा सावकाश घेतली.

पहिला दवाखाना कुत्र्यामांजरांचा होता. काचेचं दार, एसी, मागच्या बाजूला कुत्र्यांना अंघोळ घालायची सोय. काउंटरवरच्या मुलीनं फॉर्म दिला. नाव, गिरिजा. ब्रीड, गिरिराज. वय, सासूबाईंना माहीत. वागणूक या रकान्यात मी 'मनमिळाऊ' लिहिलं. शेजारी एक लॅब्राडोर बसला होता. त्यानं खोक्याचा वास घेतला आणि तळजाईच्या मंडळासारखाच चेहरा केला. तासाभरानं आत बोलावलं तेव्हा तिथल्या डॉक्टरांनी खोकं उघडलं, मिटलं आणि आपण पक्षी बघत नसल्याचं सांगितलं. फॉर्मवर तसा रकानाच नव्हता.

मग कोणीतरी एका पोल्ट्री सल्लागाराचा नंबर दिला. आता खरं म्हणजे कोंबडीनं आजारी पडायचंच तर पुण्यासारखं शहर नाही. अंड्यांचे भाव जाहीर करणारी राष्ट्रीय अंडी समन्वय समिती १९८२ पासूनची, तिचं मुख्यालय पुण्यात. पशुसंवर्धन खात्याचं आयुक्तालय औंधला. जनावरांच्या आणि कोंबड्यांच्या लसी तयार करणारी सरकारी संस्थाही औंधलाच. म्हटलं, इथं कोंबडीला काय कमी? फोन लावला.

"किती पक्षी?" पलीकडून पहिला प्रश्न.

"एक."

"एक हजार?"

"नाही, एक."

"एक शेड म्हणताय का?"

"एक कोंबडी. तिला धाप लागते."

थोडा वेळ काहीच आवाज नाही. मग सवयीनं पुढचा प्रश्न आला, "मॉर्टॅलिटी, म्हणजे मरतूक, किती?"

"अजून तरी शून्य टक्के," मी म्हणालो, "पण झाली तर थेट शंभर टक्के."

माणूस सज्जन होता, फोन आपटला नाही. एवढंच म्हणाला, की आमच्या हिशेबात एका पक्ष्यासाठी उपचार करत नाहीत, तो बाजूला काढतात. बाजूला काढणं म्हणजे काय ते मी विचारलं नाही. गिरिजा खोक्यात ऐकत होती.

या धंद्यात सगळं हजाराच्या भाषेत चालतं हे मला पुढे पटलं. लसीच्या कुप्या शंभर-शंभर मात्रांच्या. चार कोंबड्यांसाठी एक फोडली तर उरलेल्या ९६ मात्रा काय तळजाईच्या मंडळाला टोचायच्या? औषधाचं पाकीट १०० ग्रॅमचं. लिटरभर पाण्यात एक ग्रॅम घालायचं म्हटलं आणि कोंबडी दिवसाला पाव लिटर पाणी पिते असं धरलं, तर गिरिजेला ते वर्षभराहून जास्त पुरलं असतं. औषध घेतलं त्या दुकानदारानं माझा नंबर लिहून घेतला. तेव्हापासून मला 'आदरणीय कुक्कुटपालक बंधू' अशा मायन्याचे मेसेज येतात. ब्रॉयलरचे भाव, मक्याचे भाव, सोयापेंडीचे भाव. परवा मका चढला तर उगाच काळजी वाटली.

शेवटी तारणहार भेटला तो सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात. तिथे एसी नव्हता. बाहेर दोन शेळ्या आणि एक गाय नंबर लावून होत्या. डॉक्टरीणबाईंनी "किती पक्षी?" विचारलं नाही, याच गोष्टीवर मी त्यांना आयुष्यभर मानेन. त्यांनी गिरिजेची चोच उघडून आत पाहिलं, पिसांत स्टेथोस्कोप खुपसला आणि विष्ठेचा रंग विचारला. मी तो फोटोसकट दाखवला. माझ्या फोनमध्ये त्या काळात नातवाच्या फोटोंपेक्षा हे फोटो जास्त होते.

मान वाकडी नाही, हिरवट हगवण नाही, बाकीच्या तिघी ठणठणीत, त्यामुळे मानमोडी म्हणजे राणीखेत हा कोंबड्यांचा साथीचा रोग वाटत नाही, असं त्या म्हणाल्या. बर्ड फ्लूचंही तेच. तो असा एकीलाच धरून शिंकत बसत नाही, झपाट्यानं सगळा कळप झोपवतो. तरी मास्क लावा आणि हात धुवा, हे त्यांनी बजावलं. करोनातले मास्क कपाटात होतेच. ही सीआरडी, मायकोप्लाझ्मा नावाच्या जंतूनं होणारी श्वासाची जुनाट व्याधी. औषधानं बरं वाटेल, पण जंतू अंगात दबा धरून राहतो आणि पक्ष्यावर ताण आला की पुन्हा डोकं वर काढतो.

मी गिरिजेला लेकरासारखी छातीशी घट्ट धरून बसलो होतो. त्यांनी आधी हात सोडायला लावला. "कोंबडीला आपल्यासारखं श्वासपटल नसतं. फुप्फुसं बरगड्यांना चिकटलेली, ती फारशी फुगत नाहीत. अंगात हवेच्या नऊ पिशव्या असतात आणि छातीपोट हलवून ती त्यांतून वारा खेळवते. छाती दाबलीत की श्वास बंद." मी तिला इतकी पटकन सोडली, की ती थेट वजनकाट्यावर जाऊन बसली.

"आणि हे कशानं झालं?" मी विचारलं.

"खुराडं बंद करून ठेवलंय का?"

ठेवलं होतं. पण मी नाही. थंडी लागू नये म्हणून निघण्याआधी सासूबाईंनीच चारही बाजूंनी निळी ताडपत्री लावून सुतळीनं आवळली होती. आत विष्ठेचा अमोनिया कोंडतो, तो श्वासनलिका भाजून काढतो आणि मग जंतूंचं फावतं. थंडीपेक्षा कोंदट हवा वाईट, कोंबडीच्या अंगावर पिसांची रजई असतेच, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "खात्री करायची तर कोंबडीच्या उंचीला डोकं नेऊन वास घ्या. तुमचे डोळे चुरचुरले तर तिचं काय होत असेल?"

म्हणून मी घरी येऊन ओणवा झालो आणि खुराड्यात डोकं घातलं. डोळे चुरचुरलेच. बाहेर यायच्या आधी कुंपणापलीकडून शेजारच्या काकूंचा आवाज आला, "काय हो, अंडं शोधताय?" मास्क लावून, डोळ्यांतून पाणी गाळत मी खुराड्यातून निघालो. त्या दिवसापासून काकू माझ्या बायकोशी फार मायेनं बोलतात.

शुश्रूषेचं सांगायचं तर गिरिजा वरच्या मजल्यावर पाहुण्यांच्या न्हाणीघरात आली. ऊब म्हणून जुन्या पद्धतीचा पिवळा बल्ब हवा होता. आता सगळीकडे एलईडी. उजेड भरपूर, पण गरम नाही. अख्खी बाजारपेठ पालथी घातल्यावर एका म्हाताऱ्या दुकानदारानं फळीवरून धूळ झटकून एक काढून दिला आणि विचारलं, "पिल्लं का?" या शहरात कोंबडीकडे बघून रस्सा न आठवलेला हा दुसरा माणूस.

पक्ष्यांच्या फुप्फुसांना धूर अजिबात सोसत नाही. त्यामुळे उदबत्ती बंद, डासांची कॉईल बंद. नॉनस्टिक तवा फार तापला तर त्याच्या वाफेनंही पक्षी मरतात, म्हणून तोही माळ्यावर गेला. बायकोनं बिडाच्या तव्यावर धिरडी घालायला घेतली. ती तव्याला चिकटली, की मला हाक मारून दाखवायची. बोलायची नाही, नुसतं दाखवायची.

एका रात्री गिरिजा फारच मलूल वाटली. मी थर्मामीटर लावलं. कुठे ते विचारू नका. ते थर्मामीटर आता आम्ही वापरत नाही. पारा १०६ वर. बायकोनं हात जोडले, मी डॉक्टरीणबाईंना अपरात्री फोन केला. त्या झोपेतच म्हणाल्या, "कोंबडीला १०६ नॉर्मल असतं. झोपा." आमच्या दोघांच्या कपाळाला घाम होता, रुग्ण मात्र बल्बखाली एका पायावर निवांत डुलक्या घेत होता.

औषध पाजणं ही खरी साधना. आजारी कोंबडी पाणी कमी पिते, म्हणून थेट चोचीत द्यायचं. पण जिभेच्या मागेच श्वासनलिकेचं तोंड उघडं असतं, सरळ ओतलं तर औषध फुप्फुसात जातं. तेव्हा टॉवेलात सैल गुंडाळायची, चोचीच्या कडेला एकेक थेंब सोडायचा, तिनं गिळला की पुढचा. तिसऱ्या थेंबाला ती मान झटकायची आणि दोन थेंबांचा प्रसाद मला मिळायचा. माझा घसा त्या काळात एकदाही बसला नाही. शिवाय ओल्या भरड्यात उकडलेलं अंडं कुस्करून द्यायचं होतं. अंडं यमीचं, यमी गिरिजेची मैत्रीण. यात काही गैर आहे असं दोघींपैकी कोणालाच वाटलं नाही.

खरा ताप कॅनडाचा होता. रोज सकाळी सासूबाईंचा व्हिडिओ कॉल. "गिरिजा दाखवा." मी अंगणात जाऊन यमी दाखवायचो. दोघी एकाच रंगाच्या. पहिल्या दिवशी खपलं. मग एकदा त्या म्हणाल्या, "जरा डावा पाय दाखवा बघू. ही गिरिजा नव्हे, ही यमी. गिरिजेचं मधलं नख मोडलेलं आहे." मी तोंड उघडं ठेवून गोठल्यासारखा उभा राहिलो. बायकोनं मागून "नेटवर्क गेलं वाटतं" म्हणून फोन बंद केला. नंतर बराच वेळ मी तसाच उभा होतो, चुकून नेटवर्क परत आलं असतं तर?

त्यांना आजार सांगायचा तर ताडपत्री सांगावी लागली असती. जावयानं सासूला तिच्या मायेचा अमोनिया समजावून सांगावा, हे कोणत्या शास्त्रात बसतं?

औषधाचा कोर्स संपत आला तशी घुरघुर कमी झाली. डोळ्याखालची सूज उतरली, तुऱ्यावर लाली आली. एका सकाळी न्हाणीघरातून मोठा कोकोक ऐकू आला. गिरिजाबाई बादलीच्या काठावर चढून आरशातल्या कोंबडीशी भांडत होत्या. काही दिवसांनी तिनं अंडंही दिलं. औषधाचा अंश अंड्यात उतरतो, म्हणून डॉक्टरांनी सांगितलेल्या मुदतीपर्यंत ती अंडी खायची नव्हती. मी ती एकेक करून मातीत पुरली. काकू कुंपणावरून बघत होत्या.

ताडपत्री काढून वरच्या बाजूला जाळी बसवली, जुना तूस टाकून कोरडा पसरला आणि गिरिजेची मैत्रिणींत रवानगी केली.

सासूबाई आल्या. बॅगाही न उघडता अंगणात गेल्या. "गिरिजा, गिरिजा" म्हणताच ती धावत आली. त्यांनी तिला उचलून घेतलं, तुरा पाहिला, नख पाहिलं, सगळं जागच्या जागी. मी समाधानानं पुढे झालो. मला पाहताच गिरिजेनं असा काही टाहो फोडला, की यमीसकट बाकीच्या तिघीही खुराड्यात पळाल्या. तिनं सासूबाईंच्या हातातून उडी मारली, पंख पसरून अख्खं अंगण ओलांडलं आणि धुण्याच्या दगडामागे जाऊन दडली. तिच्या दृष्टीनं मी म्हणजे टॉवेल आणि कडू थेंब.

सासूबाईंनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. काही बोलल्या नाहीत. रात्री जेवणं झाल्यावर स्वयंपाकघरातून कुजबुज ऐकू आली. त्या लेकीला विचारत होत्या, "खरं सांग, मी नसताना ह्यांनी तिला कापायला काढली होती ना गं?"