तो हात माझ्या मामाचा आहे

सकाळी शाळेच्या ग्रुपवर कुणीतरी दुबई वर्ल्ड कप या घोड्यांच्या शर्यतीचा रील टाकला. पिसांच्या टोप्या, उंच टाचा, सेल्फी. खाली एकीने लिहिलं, "घोडे कोण बघतंय!" त्यावर पटापट हसरे चेहरे. दिवसभर डोक्यातून जात नाहीये, म्हणून लिहितेय.

घोडे माझा मामा बघायचा. पहाटे साडेतीनला उठून. मोतद्दार होता तो, म्हणजे घोड्यांची देखभाल करणारा. पावसाळ्यात पुण्याचं रेसकोर्स, थंडीत मुंबईचं महालक्ष्मी, आणि पुढे दुबईच्या एका तबेल्यात. 2007 मध्ये तिथल्या शर्यतींच्या कार्निव्हलमध्ये त्याच्या घोडीने एक शर्यत मारली. मालक, ट्रेनर, जॉकी सगळे फोटोला उभे राहिले. पेपरात फोटो छापून आला त्यात मामाचा फक्त हात आहे. कोपरापर्यंतचा, दोरी धरलेला. बाकीचा मामा कापला.

मामाने ते कात्रण लॅमिनेट करून आणलं. घरी कुणी आलं की बोट ठेवून दाखवायचा, "हा माझा हात."

आता ही वर्ल्ड कपची रेस किती वाढली ते ऐकूया सगळ्यांनी. 1996 मध्ये दुबईच्या नाद अल शिबा रेसकोर्सवर पहिल्यांदा झाली तेव्हा बक्षीस 40 लाख डॉलर होतं. अमेरिकेतून सिगार नावाचा घोडा आला, सलग चौदावी शर्यत जिंकून गेला आणि दुबईचं नाव झालं. 2010 मध्ये 'मैदान' नावाचं नवं रेसकोर्स उभं राहिलं, जवळजवळ मैलभर लांब स्टँड, बक्षीस थेट 1 कोटी. आता 1 कोटी 20 लाख. सौदीवाल्यांनी 2020 पासून 2 कोटींची रेस सुरू केली, म्हणजे आता आणखी चढाओढ. डॉलर वाढले, स्टँड वाढलं, टोप्या वाढल्या. आणि फोटो? फोटो अजून कोपराशीच कापतात.

मैदानला सुरुवातीला वाळूऐवजी कृत्रिम ट्रॅक केला होता. अमेरिकेचे घोडे यायचे कमी झाले. 2015 ला परत वाळू आणली. मामा तेव्हा म्हणाला होता, "अगं, पायाखाली काय आहे ते घोड्याला आधी कळतं, मग आम्हाला. साहेबांना सगळ्यात शेवटी." पण रोज त्या खुरांतली माती काढणाऱ्या माणसाला विचारतो कोण?

हो, माहितीये, काही ठिकाणी नीट सजवलेल्या घोड्याच्या मोतद्दाराला छोटंसं बक्षीस देतात. आणि हो, दुबईच्या पगारातूनच मामाने गावचं घर बांधलं, मुलीचं लग्न केलं. नाकारत नाही. 2011 मध्ये जपानच्या त्सुनामीनंतर पंधरा दिवसांत जपानचाच घोडा व्हिक्त्वार पिसा ही रेस जिंकला, तेव्हा मीही टीव्हीसमोर रडले होते. ही रेस मला परकी नाही.

पण आपलेच नातेवाईक मामाला काय म्हणायचे, "जुगाराच्या धंद्यात आहे." अरे, दुबईत तेव्हा रेसवर पैसे लावायला बंदी होती! तिथे मामा कसला जुगार खेळणार होता? रात्री घोडीच्या पोटात कळ आली तर तिची दोरी धरून पहाटेपर्यंत चालवत राहायचं, हा होता त्याचा धंदा. आणि तेच नातेवाईक आज मुलाच्या कंपनीच्या पासावर मैदानला जाऊन फोटो टाकतात. फार राग येतो, खरंच.

फार काही मागत नाहीये मी. घोड्याचं नाव सांगता, त्याच्या आईबापाचं सांगता, मालकाचं, ट्रेनरचं, जॉकीचं सांगता. त्यात एक नाव आणखी घ्या. दोन सेकंद लागतात. बाकी एवढ्या मोठ्या रात्रीत दोन सेकंद सापडत नाहीत?

इतकं लिहून मघाशी मामाला फोन लावला. गुडघे गेलेत त्याचे. रील बघितला का विचारलं तर म्हणाला, बघितला, पण घोडे नीट दाखवलेच नाहीत. मग त्या घोडीचं बोलत बसला. प्रवास झाला की पाणी प्यायची नाही म्हणे, मामा शेजारी उभा राहून शीळ घालायचा तेव्हा तोंड लावायची. फोनवर वाजवून दाखवली. दात नाहीत आता, नुसती हवा आली.

कात्रणाचा फोटो टाकतेय. डाव्या कडेला बघा.