अंकल सॅमचा आकाशकंदील

‘हंगाम सोडून लावलेली सणाची सजावट सात दिवसांत उतरवावी’ अशी नोटीस मला आली आहे. नोटिशीवरची तारीख २ जुलै. सजावट ४ जुलैची, म्हणजे अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनाची. सात दिवसांनी म्हणजे ९ जुलैला ती मी तशीही उतरवणारच होते, पण वसाहतीच्या सौंदर्य समितीला तेवढाही धीर नव्हता. नोटीस नवऱ्याला वाचायला दिली. त्याने चष्मा लावून ती शेवटपर्यंत वाचली आणि म्हणाला, “इंग्रजी चांगलं आहे.” या सगळ्या प्रकरणात त्याचा सहभाग एवढाच.

यंदा देशाला अडीचशे वर्षं झाली, म्हणून न्यू जर्सीतल्या आमच्या वसाहतीला देशप्रेमाचं भरतं आलं होतं. प्रत्येकाने घर सजवावं, उत्तम सजावटीला पंचवीस डॉलरचं गिफ्ट कार्ड मिळेल, असं पत्रक मे महिन्यातच आलं. खरं तर मी अशा पत्रकांच्या वाटेला जात नाही. पण गेल्या वर्षी संपूर्ण गल्लीत एकट्या आमच्या घरावर काहीच नव्हतं आणि समोरच्या बाईंनी फार काळजीने विचारलं होतं, “तुमच्याकडे सगळं ठीक आहे ना?” तो प्रश्न वर्षभर डोक्यात होता.

मग मी ‘चौथ्या जुलैसाठी सोप्या सजावटी’ वाचायला घेतल्या. या लेखांतला ‘सोप्या’ हा शब्द ‘पाच मिनिटांत पुरणपोळी’मधल्या पाच मिनिटांच्या जातीचा असतो. पहिली कल्पना म्हणजे काचेची बरणी घ्या, तिला लाल-पांढरी-निळी फीत बांधा, आत मेणबत्ती ठेवा. आमच्याकडे बरण्या आहेत, पण त्या लोणच्याच्या. तीनदा धुऊन, उन्हात ठेवून, मेणबत्ती पेटवली आणि ओसरीवर कैरीचा खमंग वास सुटला. देशप्रेमापेक्षा भूकच जास्त लागली.

दुसरी कल्पना गोणपाटाची. इथे गोणपाटाचं गोल कडं करून, त्यावर चांदण्या चिकटवून ते दारावर टांगतात आणि त्याचे दुकानात तीस-चाळीस डॉलर घेतात. माझ्या आजीकडे असंच गोणपाट न्हाणीघराच्या दाराशी असे, पाय पुसायला. त्यावर चांदण्या नव्हत्या, पण कुणी त्याला हात लावायला धजत नसे हेही खरं. मी ते चाळीस डॉलर वाचवले.

तिसरी कल्पना उशांचे अभ्रे, कागदी नॅपकिन आणि थाळ्या, सगळ्यांवर झेंडा छापलेला. इथे जरा थांबायला हवं. अमेरिकेत १९४२ सालापासून ध्वजसंहिता आहे आणि तिच्यात चक्क लिहिलंय की झेंडा उशांवर भरू नये, कागदी नॅपकिनवर छापू नये, वापरून टाकून द्यायच्या कुठल्याही वस्तूवर तो नसावा. आणि दुकानात शिरलं की पहिल्या दोन रांगा नेमक्या याच वस्तूंच्या! शिक्षेची तरतूद नाही, त्यामुळे अख्खा देश दरवर्षी एका दिवसात झेंड्याला मक्याच्या कणसावरचं लोणी पुसतो आणि कचऱ्यात टाकतो. आपल्याकडे पंधरा ऑगस्टनंतर रस्त्यावर पडलेले कागदी झेंडे गोळा करत फिरलेली मी मुलगी. मला त्या नॅपकिनने तोंड पुसवत नाही. म्हणून मी साधे पांढरे आणले, आणि समोरच्या बाईंनी पुन्हा काळजीने पाहिलं.

तर मग मी कंदील केला. टोमॅटोच्या रोपांना आधार द्यायला आणलेल्या बांबूच्या काड्या होत्या, गणपतीच्या मखराचा उरलेला रंगीत कागद होता, कणकेची खळ शिजवली. वर निळा, त्यावर चांदीच्या कागदाच्या चांदण्या, मध्ये पांढरा, खाली लाल झिरमिळ्या. निळा वर, पांढरा मध्ये, लाल खाली हा क्रम ध्वजसंहितेतच पताकांसाठी दिलेला आहे, तो मी पाळला. संध्याकाळी आत दिवा लावला आणि ओसरी अशी उजळली की नवराही बाहेर आला. चार्जर शोधत आला होता, पण आला.

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी काका आले.

काका ठाण्याचे. तिथल्या सोसायटीत त्यांनी इतकी वर्षं सेक्रेटरीपद भोगलं की अजूनही त्यांना गच्चीच्या किल्ल्यांची स्वप्नं पडतात, असं त्यांची सून सांगते. मुलाने इकडे आणलं. घर मुलाच्या नावावर, पण वसाहतीच्या सौंदर्य समितीत काका, कारण त्या समितीत बसायला दुसरं कुणी तयार नव्हतं. रोज सकाळी पांढरे बूट, कमरेला पाऊच, हातात छत्री असा त्यांचा फेरा असतो. छत्री ऊन-पावसासाठी नसते. तिने ते लोकांच्या हिरवळीची उंची मोजतात. शिवाय सध्या ते नागरिकत्वाच्या परीक्षेचा अभ्यास करत आहेत. झेंड्यावर तेरा पट्टे का, पन्नास चांदण्या का, सगळं मुखोद्गत.

“अगं, काय सुंदर झालाय कंदील!” काका पायरीवरच थबकले. “बालपण आठवलं बघ. आमच्या चाळीत आम्ही पोरं रात्र-रात्र जागून करायचो. खळ घरची ना? वाटलंच. बाजारच्या गोंदाला ही पकड नाही.” मग त्यांनी चहा घेतला. पोहे घेतले. पोह्यांवर ओलं खोबरं नाही याची खंत व्यक्त करून आणखी पोहे घेतले. जाताना म्हणाले, “थांब, फोटो काढतो.” मी हसून कंदिलाशेजारी उभी राहिले. केसही सारखे केले.

तोच फोटो नोटिशीला जोडला होता. पुरावा म्हणून. मी हसते आहे, केस सारखे आहेत, आणि माझ्या डोक्याभोवती लाल वर्तुळ काढलं आहे, कारण वर्तुळ काढणाऱ्याला ते कंदिलाभोवती नीट जमलं नाही.

मी त्यांना टपालपेट्यांपाशी गाठलं. “काका, हे काय?”

“मॅडम,” काका म्हणाले. कालचं ‘अगं’ पोह्यांबरोबर पचलं होतं. “नियम अकरा. सणाची सजावट सणाआधी तीस दिवस.”

“पण सण उद्यावर आलाय!”

“कुठला?”

“चार जुलै.”

“वस्तू काय आहे?”

“कंदील.”

“कसला?”

मी गप्प बसले. काका बसले नाहीत. “काल तुम्हीच म्हणालात, आकाशकंदील. मी ऐकलंय. आकाशकंदील कधी लावतात?”

“काका, तो लाल, पांढरा, निळा आहे.”

“रंगाचा प्रश्नच नाही. उद्या मी भगवा ख्रिसमस ट्री लावला तर तो गुढीपाडव्याचा होईल का? यंदा लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला. तीस दिवस मागे या. ९ ऑक्टोबर. त्या दिवशी खुशाल लावा, मी स्वतः येईन बघायला.” चहालाही येतील, हे त्यांनी सांगायची गरज नव्हती.

मी कायद्यात शिरले. वसाहतीला घरमालकाच्या झेंड्यावर बंदी घालता येत नाही, असा २००६ सालचा केंद्रीय कायदा आहे. म्हटलं, “झेंड्यासारखाच आहे तो. निळ्यावर चांदण्या आहेत, बघा.”

काकांचे डोळे चमकले. हीच चेंडूफेक त्यांना हवी होती. “किती चांदण्या?”

“मोजल्या नाहीत. कागद उरला तेवढ्या.”

“पन्नास पाहिजेत. १९६० पासून पन्नास आहेत. हवाई हे राज्य सामील झाल्यावर.”

“आणि पन्नास लावल्या तर?”

“तर तो झेंडा होईल. मग झेंडा असा छताला टांगून, आत बल्ब घालून, खाली झिरमिळ्या सोडता येत नाही. ध्वजसंहितेचा भंग. पन्नास नसतील तर झेंडा नाही, म्हणजे सजावट. सजावट म्हणजे दिवाळी. दिवाळी म्हणजे नियम अकरा.” त्यांनी छत्री मिटली.

माझ्याकडे शेवटचं शस्त्र होतं. जॉन ॲडम्सने १७७६ साली बायकोला पत्र लिहिलं होतं की हा दिवस खंडाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत दरवर्षी रोषणाई करून साजरा व्हावा. मी ते ऐकवलं. म्हटलं, राष्ट्रपित्यांपैकी एकाला दीपोत्सव हवा होता, काका!

“हवा होता,” काका शांतपणे म्हणाले. “पण २ जुलैला. त्या पत्रात त्याने दोन तारीख धरलीय. चारला जाहीरनामा मंजूर झाला. हा प्रश्न परीक्षेत येत नाही, पण मी जास्तीचं वाचलंय.”

“काल दोनच तारीख होती!”

“काल नोटीस निघाली.”

हे सगळं मी हसत सांगते आहे, पण मला राग आला आहे आणि तो अजून उतरलेला नाही. आमच्या शेजारच्या अंगणात बारा फुटी सांगाडा आहे. गेल्या ऑक्टोबरात हॅलोविनला, म्हणजे इथल्या भुताखेतांच्या सणाला उभा केला, तो उभाच आहे. नाताळात त्याला लाल टोपी, ईस्टरला सशाचे कान. आता त्याला चांदण्यांची उंच टोपी आणि पांढरी दाढी लावली आहे, चित्रांतल्या अमेरिकेच्या प्रतीकपुरुषाला, अंकल सॅमला असते तशी. मी काकांना छत्रीनेच तिकडे दाखवलं. “हा ऑक्टोबरचा नाही का?”

काकांनी सांगाड्याकडे बराच वेळ पाहिलं. “तो अंकल सॅम आहे,” ते म्हणाले.

“त्याच्या बरगड्या दिसताहेत!”

“अडीचशे वर्षांचा आहे.”

माझा राग शेजाऱ्यावर नाही. तो बापडा भला आहे, बर्फ पडला की आमच्याही दारचा काढतो. माझा राग असा की त्या गल्लीतल्या एकाही गोऱ्या माणसाला माझ्या कंदिलात दिवाळी दिसली नाही. त्यांना छान, रंगीत, देशप्रेमी दिवा दिसला. दिवाळी दिसली ती फक्त आपल्या माणसाला. खळ ओळखणाऱ्याला. ज्याच्यापुढे ‘आकाशकंदील’ हा शब्द बेसावधपणे तोंडातून गेला, त्यालाच. परदेशात आपलं माणूस भेटावं म्हणून आपण मंडळं काढतो, गणपती बसवतो, ओक ट्री रोडवरच्या देशी बाजारात अनोळखी बाईच्या पिशवीतली शेपूची जुडी बघून तिच्याशी बोलायला जातो. आणि मग ते माणूस भेटतं.

आणि दुसरंही एक आहे. शेजाऱ्याने वर्षभर सांगाडा ठेवला तर ती गंमत असते. आमच्या घरावर काही नसलं तर ‘सगळं ठीक आहे ना’. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यांनंतर इथल्या आपल्या कितीतरी लोकांनी गाड्यांवर, दुकानांवर झेंडे लावले होते. ते सगळे हौसेने लावले नव्हते, कुणी दगड मारू नये म्हणूनही लावले होते. जुन्या लोकांना विचारा. तेव्हा सजावटीचा हंगाम कुणी विचारला नाही.

असो. तीन तारखेला संध्याकाळी शेजारी कुंपणापाशी आला आणि म्हणाला, तुमचा दिवा उतरवताय असं कळलं, मला द्याल का? माझ्या सॅमच्या हातात मोकळी जागा आहे. मी दिला. रागाच्या भरात दिला, पण चेहरा उदार ठेवला. त्याने शिडी लावून तो सांगाड्याच्या बोटांत अडकवला. त्याच्या बाजूला प्लग नव्हता, म्हणून वायर आमच्या गॅरेजमधून गेली. आणि खोटं कशाला बोलू, दिसत होता सुरेख. बारा फुटांवर झिरमिळ्या हलताहेत, आत दिवा, खाली मुलं फुलबाज्या घेऊन पळताहेत. न्यू जर्सीत २०१७ सालापासून फुलबाज्यांना परवानगी आहे, आणि आमच्याकडे गेल्या दिवाळीच्या चार पेट्या होत्या. त्याही मी दिल्या. त्यांना मात्र कुणी महिना विचारला नाही.

चारला दुपारी बार्बेक्यूनंतर निकाल लागला. पहिलं बक्षीस शेजाऱ्याला. पंचवीस डॉलर. परीक्षकांचा शेरा वाचून दाखवला, तोही काकांनीच: ‘हातातील कंदिलाची कल्पना विशेष अभिनव.’ शेजारी हसला, टाळ्या वाजल्या, माझ्या नवऱ्यानेही वाजवल्या. गिफ्ट कार्ड शेजाऱ्याने खिशात घातलं आणि मला म्हणाला, तुमचे आभार कसे मानू! मला दोन-तीन मार्ग सुचत होते.

रात्री अकरा वाजता मी गॅरेजमध्ये गेले आणि वायर काढली.

आज सकाळी सात वाजता फोन. “अगं,” काका म्हणाले, पुन्हा ‘अगं’वर आले होते, “अंकल सॅमचा दिवा का गेला?”