कच्चा रंग

परवाच्या शनिवारी बेळगावच्या शहापुरात, भर दुकानात, दहा-बारा माणसांदेखत एका गृहस्थांनी माझ्या अंड्याला थुंकी लावली. म्हणजे माझ्या कोंबडीच्या अंड्याला. पण त्या क्षणी ती मलाच लागल्यासारखं वाटलं, आणि आज चौथा दिवस उजाडला तरी ती जागा ओलीच आहे असं वाटतंय.

मागची हकीकत भराभर सांगून टाकतो. मी उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत हिशेब लिहितो आणि खानापूर रस्त्याकडच्या आमच्या गावात, घराच्या मागं, कोंबड्या पाळतो. फ्रान्समध्ये ला रोशेलजवळ मारां नावाचं एक जुनं बंदर आहे, तिथली ही जात. लिहिताना नावाच्या शेवटी एक एस येतो, म्हणून इंग्रजी वाचणारे मारान्स म्हणतात. फ्रेंच लोक तो एस गिळतात. आमच्या गल्लीनं उरलेलंही गिळून ‘मरान’ करून टाकलं. “काय गा, मरान कसं हाय?” असं लोक मला भल्या सकाळी विचारतात. आईनं तर पहिल्याच दिवशी बजावलं, “दिवेलागणीला ते नाव घरात घ्यायचं नाही.”

ही जात ओळखली जाते ती गडद तपकिरी, थेट चॉकलेटच्या रंगाच्या अंड्यांसाठी. एवढ्यावर माझं भागायला हवं होतं. पण मला कोंबडीही निळी हवी होती. निळी म्हणजे शाईसारखी नव्हे. कोंबडीवाल्यांच्या भाषेत निळी म्हणजे पाटीच्या दगडाच्या रंगाची, आणि मानेवर तांब्याची झाक. हे आधी स्पष्ट न केल्यामुळं निपाणीहून मेव्हणा दोन पोरांना घेऊन ‘निळी कोंबडी’ बघायला आला आणि धाकटं पोर खुराड्यासमोर उभं राहून रडलं. “ही तर राखाडी,” असं मेव्हण्यानं मला ऐकवलं, जणू मी तिकिटाचे पैसे घेतले होते.

निळ्याचा हिशेब मोठा बेरकी आहे. निळ्या कोंबड्याला निळी कोंबडी लावली तर सरासरीनं चार पिल्लांत दोन निळी, एक काळं आणि एक पांढरट अंगावर शिंतोडे उडवल्यासारखं. कागदावर छान दिसतं. पुण्याकडच्या एका हौशी माणसाकडून निळ्या जोडीची बारा अंडी कुरिअरनं मागवली. ती निमुळतं टोक खाली करून दिवसभर निवांत ठेवली, मग उबवणीच्या मशीनमध्ये घातली. सातव्या दिवशी आत जीव धरलाय का बघायला अंधारात टॉर्च लावला. कवच इतकं गडद की आतलं काही म्हणता काही दिसेना. पाऊण तास मी एका तपकिरी गोळ्याकडं बघत बसलो होतो. अठराव्या दिवशी वीज गेली ती सहा तास आली नाही. मशीनवर गोधडी, गोधडीत गरम पाण्याच्या बाटल्या, आणि बायको मला विचारत होती की थोरल्याच्या वेळी तुम्ही एवढे जागला होता का. एकविसाव्या दिवशी पाच पिल्लं निघाली. चार काळी, एक शिंतोड्याचं. निळं एकही नाही. रोज ताळेबंद जुळवणाऱ्या माणसावर ही वेळ!

मग कळलं, खात्रीनं निळीच पाहिजे असतील तर काळ्याला शिंतोड्याची लावायची. सगळी पिल्लं निळी निघतात. म्हणजे निळं हवं तर दोन्ही बिननिळे घ्यायचे. हे आईला समजावून सांगितलं तेव्हा ती तांदूळ निवडत होती. “त्यात काय नवीन? तुझ्या बापाकडचे काळे, आमच्याकडचे गोरे, आणि तू हा असा मधलाच.” मधलाच हा शब्द मला जरा झोंबतो. बेंगळुरूच्या कचेरीत गेलो की आम्ही मराठी, पुण्यात मावशीकडं गेलो की आमच्या मराठीला कानडी वळण. असो. दुसऱ्या वर्षी नऊ पिल्लं निघाली, नऊच्या नऊ निळी.

आणि पाय! फ्रेंच मारांच्या नळ्यांना बाहेरच्या बाजूनं पिसं असतात. फ्रान्समध्ये ती शोभत असतील. आमच्याकडं जुलैत खानापूरच्या बाजूनं पाऊस लागला की आठ-आठ दिवस अंगण वाळत नाही. त्या चिखलात ही पिसं लडबडतात, त्याचे लाडूएवढे गोळे होतात, आणि कोंबडी नव्या चपला चावताहेत अशा नवरीसारखी पाय उचलत चालते. तो गोळा ओढून निघत नाही, पिसं उपटतात आणि रक्त येतं. घमेल्यात कोमट पाणी घेऊन एकेक पाय भिजत धरावा लागतो, मग बोटांनी चिखल विरघळवायचा, मग पुसायचं, मग बायकोच्या ड्रायरनं वाळवायचं. कोंबडीला ते आवडायला लागलं. डोळे मिटून बसते. समोरच्या गच्चीवरून शेजारीणबाई हे सगळं बघायच्या आणि संध्याकाळी नवऱ्याला मोठ्यानं सांगायच्या, “लोक कोंबडीचं पण एवढं करतात.” त्या घरातला तणाव माझ्यामुळं आहे असं मला कळवण्यात आलंय.

तर मुद्दा अंड्यांचा. खाऊन खाऊन किती खाणार? माझा शाळेतला एक मित्र शहापुरात किराणा दुकान चालवतो. त्याच्या दुकानात तीस अंड्यांचा ट्रे ठेवला. एकाला वीस रुपये. शेजारीच पांढऱ्या अंड्यांचा ट्रे, त्यामुळं माझी आणखीच उठून दिसत होती. मी पाटी लिहिली, ‘चॉकलेटी अंडी’. पहिल्या तासात तीन पोरं चॉकलेट मागायला येऊन गेली आणि दोन अंडी खपली.

मग ते आले. सत्तरीपुढचे, पांढरं धोतर, डोक्यावर टोपी, खांद्यावर टॉवेल, गळ्यात तुळशीची माळ. शनिवार म्हणून मारुतीला नारळ आणि कापूर न्यायला आले होते. अंड्याशी त्यांचा काडीचा संबंध नव्हता. नारळ कानाशी हलवून बघता बघता त्यांची नजर ट्रेवर गेली आणि नारळ खाली ठेवला गेला.

“हे काय करालास?”

“अंडी आहेत मामा. आमच्या कोंबड्यांची.”

“ते दिसालंय. लावलास काय?”

“काही नाही लावलं. कोंबडी अशीच घालते.”

“घालते,” असं म्हणून त्यांनी एक अंडं उचललं, उजेडाकडं धरलं, आणि अंगठा जिभेला लावून त्याच्यावर फिरवला. मग टॉवेलचं टोक घेऊन जोर लावून घासलं. घासलेल्या जागी फिकट पट्टा उमटला. टॉवेलवर विटकरी डाग.

इथं मी एक कबुली देतो. मारांच्या अंड्याचा रंग वरवरचाच असतो. ताज्या अंड्यावर ओला हात घासला तर तो निघतो. जाणकारांना हे माहीत असतं. शहापूरच्या बाजारात त्या वेळी जाणकार मी एकटाच होतो.

“कच्चा,” मामा जमलेल्या लोकांकडं वळून म्हणाले. “चाळीस वर्षं वडगावात सूत रंगवलंय मी. पक्का रंग कुठला आणि कच्चा कुठला, मला शिकवू नका.”

नशीब बघा. चॉकलेटी अंड्यावर अख्ख्या बेळगावात शंका घेणारा पहिला माणूस निघावा तर तो रंगारी!

“मामा, हा रंग कोंबडीच्या पोटातला आहे. प्रोटोपोर्फिरिन म्हणतात त्याला.”

“कंपनीचं नाव नको सांगू. डायरेक्ट रंग काय व्हॅट रंग?”

“अहो, कोंबडीच्या आत कवच चढायलाच वीसेक तास लागतात. रंग अगदी शेवटच्या काही तासांत चढतो.”

“हां!” त्यांचा चेहरा उजळला. “म्हणजे शेवटी बुडवलास.”

“मी नाही बुडवलं. कोंबडीनं.”

“कोण का बुडवंना. मीठ घातलास? मिठाशिवाय रंग सुताला धरत नाही, तर ह्याला कुठला धरतोय? आणि मग सोडा. घाई केलास तू. मला एक सांग, पाणी किती गरम ठेवलास?”

“साडेसदतीस,” मी म्हणालो. ते मशीनचं तापमान. का म्हणालो, देव जाणे.

“कमी,” मामा म्हणाले. “लई कमी.”

एव्हाना नारळवाले, साबणवाले, बसची वाट बघणारे असे सगळे गोळा झाले होते. मागून एका बाईंनी कानडीत विचारलं, “येन्री अदु?” मामांनी तितक्याच सहज कानडीत उत्तर दिलं, “तत्ती री. बण्ण हच्च्यार.” अंडी आहेत, रंग लावलाय. दोन भाषांत एकाच वेळी बदनाम होण्याची सोय आमच्याच भागात आहे. एक कॉलेजचा पोरगा मोबाइल उंच धरून उभा होता.

मित्राला वाटलं, फोडून दाखवावं. त्यानं स्टीलची वाटी आणली आणि एक अंडं फोडलं. बलक झकास, केशरी, टंच. लोकांनी माना डोलावल्या. पण मामांना बलकाशी काय देणं? त्यांनी कवचाचा तुकडा बोटाच्या टोकावर धरला आणि पालथा केला.

“आतनं पांढरं!”

गर्दीतून असा काही सुस्कारा निघाला की जणू आरोपीच्या घरात मुद्देमाल सापडला. रंग वरच्या थरात असतो म्हणून आतली बाजू पांढरट राहते, पण हे मी म्हटलं असतं तर तीही कबुलीच झाली असती. म्हणून मी शेवटचा पुरावा काढला. फोनवर तक्ता दाखवला. फ्रान्समधल्या मारां क्लबनं या अंड्यांच्या रंगाची 1 ते 9 अशी मोजपट्टी ठरवलीय. 4 च्या खालचं अंडं ते खरं मारांचं धरत नाहीत. जातीचं मानक 1931 पासून ठरलेलं आहे, एवढी जुनी गोष्ट, असंही मी सांगितलं.

मामांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला, फोन हातात घेतला आणि प्रेमळ आवाजात म्हणाले, “शेडकार्ड पण हाय की!”

त्यानंतर वीस मिनिटं त्यांनी माझी अंडी एकेक करून तक्त्याला लावून बघितली. “हे सहा. हे पाच. हे साडेपाच धर. आणि हे? चार पण न्हाई. लॉट मॅच नाही तुझा.” तेही खरंच होतं. अंडी घालायला लागल्यावर पहिली पहिली सर्वांत गडद येतात, मग महिने जातील तसा रंग उतरत जातो. कोंबडीनं विश्रांती घेतली की परत गडद. ट्रेमध्ये नव्या तलंगांची अंडी होती आणि दमलेल्या जुन्या कोंबड्यांचीही. हे मी सांगितलं. “रंग शेवटाला पातळ होतोच,” मामा समजुतीनं म्हणाले. “टबात परत घालायला पाहिजे होतास.”

आणि मग या माणसानं काय करावं? दुकानदाराकडं वळून म्हणाला, “जरा हातावर पाणी घाल. अंड्याला हात लागला. मी खात नाही, माळ हाय.” हात धुऊन, नारळ आणि कापूर घेऊन तो मारुतीला निघून गेला. अंड्यावर त्याचा अंगठा तसाच उमटलेला.

त्यानंतर एकही अंडं खपलं नाही. मित्र म्हणाला, “थोडे दिवस राहू दे. लोक विसरतात.” सत्तावीस अंडी मी स्कूटरच्या डिकीत घालून परत आणली.

आता मला सांगा. गावरान म्हणून चहाच्या पाण्यात बुडवलेली पांढरी अंडी विकणारे आपण सगळ्यांनी ऐकलेत. दुधात पाणी, खव्यात पीठ, हळदीत काय काय, आणि ते सगळं आपण मुकाट घेतो, घासाघीस फक्त दोन रुपयांची करतो. तिथं कुणी अंगठा ओला करत नाही. ज्यानं वीज गेल्यावर मशीनला मिठी मारून रात्र काढली, कोंबडीचे पाय ड्रायरनं वाळवले, खाद्याच्या पोत्याचा भाव दर महिन्याला वाढला तरी त्यात भुसा मिसळला नाही, त्याच्याच मालावर थुंकी. आणि वाईट कशाचं वाटतं सांगू? तो माणूस खोटं बोलत नव्हता. रंग कच्चाच आहे. त्याचं एकूण एक निरीक्षण बरोबर होतं. अशा माणसाशी भांडायचं कसं?

आज सकाळी कामावर जाताना दुकानावर थांबलो, रिकामा ट्रे राहिला होता. मित्रानं गल्ल्याखालून वर्तमानपत्रात बांधलेली एक पुडी काढून हातात ठेवली. “मामा देऊन गेले तुझ्यासाठी. पैसे नकोत म्हणाले. पोरगा कष्टाळू आहे म्हणाले, फक्त रंग पक्का करायला, फिक्सिंगला चुकतोय.”

पुडीत मूठभर मीठ होतं. रंगाऱ्यांचं, ग्लॉबर सॉल्ट. वर पेन्सिलीनं मोडक्या अक्षरात लिहिलं होतं: ‘रंग चढल्यावर घालणे. ढवळत राहणे.’

फेकून द्यायला हात उचलेना. घरी आणून खुराड्याच्या दाराशी खिळ्याला अडकवली. संध्याकाळी अंडी गोळा करून बायको आत आली, पदरात तीन, तीनही चांगली सहा नंबरची. म्हणाली, “ती नवी पुडी बघितली. पाण्यात किती घालायची?”