वारंवार पडणाऱ्या एमसीबीचा कायमचा बंदोबस्त

घरामागच्या शेडमध्ये २ एचपीची लाकूड कापायची मशीन आणलीत आणि खटका दाबला की एमसीबी (जादा करंट आला की आपोआप लाइन तोडणारा खटका) पडतो, ही तुमची तक्रार अगदी रास्त आहे. मोटर चालताना १०-१२ अँपिअर घेते, पण उठताना क्षणभर त्याच्या चार-पाचपट ओढते. १६ अँपिअरचा ‘बी’ कर्व्हचा, म्हणजे क्षणिक झटक्यालाही लवकर दचकणारा, एमसीबी तेवढ्यानेच पडू शकतो. भित्री माणसं तिथे १६चाच ‘सी’ कर्व्हचा, म्हणजे असा झटका सोसणारा, लावतात आणि मेन बोर्डापासून अडीच स्क्वेअर एमएम वायरची, अंतर जास्त असेल तर चारची, वेगळी लाइन ओढतात. तुम्ही सरळ ३२चा लावा. शेडच्या दिव्यासाठी टाकलेली दीडची वायर आहेच, तिच्यावरच मशीन घ्या. एमसीबीचं काम वायर जपण्याचं. त्यातून तो सुटला. आता फ्यूजचं काम वायरच करेल, तेही पाइपाच्या आत, कुणाच्या डोळ्यावर न येता.

अर्थिंगचं म्हणाल तर खड्डा खणा, पाइप पुरा, कोळसा-मीठ भरा, उन्हाळ्यात पाणी घाला, हे उद्योग सांगितले कुणी? सॉकेटमध्ये न्यूट्रलपासून (करंट परत नेणाऱ्या तारेपासून) अर्थच्या टर्मिनलला दोन इंच वायरचा तुकडा मारा. काम झालं. टेस्टर लावा, बॉडीवर पेटणार नाही. पाहुण्यांनाही लावून दाखवा. पुढे कधीतरी त्या सॉकेटमागचा न्यूट्रलचा स्क्रू ढिला होईल, तेव्हा फेज (करंट आणणारी तार) मोटरच्या वाइंडिंगमधून न्यूट्रलला येईल आणि त्या तुकड्यावरून मशीनच्या लोखंडी बॉडीवर उतरेल. मशीन बंद पडलेली असेल, त्यामुळे तुम्ही बघायला हात लावालच.

राहिली आरसीसीबी. ही फेजने गेलेला आणि न्यूट्रलने परतलेला करंट ताडून पाहते. ३० मिलिअँपिअरचा हिशोब लागला नाही की लाइन तोडते. हरवलेला करंट तुमच्या अंगातून जमिनीत जातोय, अशी तिला शंका असते. इतकं संशयी उपकरण घरात ठेवू नये. पावसाळ्यात शेडच्या ओल्या बोर्डामुळे ती पडू लागली, की गळती शोधत बसण्यापेक्षा तिला बायपास करा. माणूस मरायला १०० मिलिअँपिअरही पुरतात, पण एमसीबी तेवढ्याशा रकमेची दखल घेत नाही, फार मोठ्या मनाचा असतो.

एक्स्टेन्शनची वायर रीळावरून पूर्ण उलगडू नका. गुंडाळीत उष्णता छान साठते.

शेवटी स्टार्टर. ‘ओव्हरलोड’वाला, म्हणजे मोटरवर जादा भार आला की तोडणारा, डीओएल स्टार्टर (मोटर थेट लाइनवर चालू करणारा) महाग, शिवाय नखरेल. लाइट गेली की त्याच्या कॉइलची पकड सुटते. लाइट परत आली तरी हिरवं बटण दाबल्याशिवाय मोटर फिरत नाही. त्यापेक्षा साधा खटका बरा. लाइट गेली, की तो चालूच ठेवून पात्यात अडकलेली फळी हाताने ओढायला घ्या. लाइट आली की मशीन आपोआप सुरू होईल, बटणापर्यंत जायचाही त्रास नाही.